तीन नळ्यांची मोरी

लांबी साडेसात मीटर.
रुंदी साडेपाच.
नळ्या तीन, व्यास नऊशे मिलिमीटर.
सैंदाणे साहेबांनी स्वतः टेप धरला होता,
दुसरं टोक माझ्या हातात,
आणि मधल्या फितीवरून एक मुंगळा चालला होता.
तेवढा सोडून सगळं वहीत आहे.
पान एकेचाळीस.

अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना फाटा लागतो,
तिथून आत, नाल्यावर.
साठ दिवसांची मुदत.
एकसष्टाव्या दिवसापासून रोजचा दंड,
करारात अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहिलेला.
मी बावन्नाव्या दिवशी काम संपवलं.
आठ दिवस सरकारला हातउसने दिलेत, म्हणते बायको.

बिल कोणत्या दिवशी मिळेल, त्याचंही कलम शोधलं.
चष्मा पुसून शोधलं.
सापडलं : निधीच्या उपलब्धतेनुसार.

निकुंभ भाऊसाहेब माणूस चांगला.
खुर्ची देतात, पंख्याचं तोंड माझ्याकडे करतात.
बिल वर गेलंय, म्हणतात.
वर म्हणजे जळगाव.
जळगावच्या वर मुंबई.
मुंबईच्या वर काय ते त्यांनाही ठाऊक नाही,
ते छताकडे बघतात, मीही बघतो.

एकतीस मार्चच्या रात्री दीड वाजेपर्यंत बसलो होतो
कोषागाराच्या पायरीवर. आत दिवे,
बाहेर आम्ही अकरा ठेकेदार आणि एक कुत्रं.
माझ्या आधी दोन नंबरांवर निधी संपला.
पंगतीत जिलेबी संपते ना,
वाढपी पातेलं तिरपं करून दाखवतो,
तसं दाखवलं त्यांनी. रागवायचं कुणावर?

कांकरियाच्या दुकानात व्याजाला उपलब्धता लागत नाही.
ते दिवेलागणीला मोजलं जातं, रोज.
मिक्सर विकला. सळईचे अर्धे फेडले.
आखाजीला दगा मिस्त्रीची लेक माहेरी आली,
तेव्हा तो दारात आला, चप्पल न काढता,
म्हणजे बसणार नव्हता.
"भाऊ, मना पैसा कवय देशी?"
मी म्हणालो, वर गेलंय.
त्यानेही छताकडे बघितलं.

पोराने मोबाइलवर कायदा काढून दिला :
लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत, पुढे व्याजासकट.
मी तो निकुंभांसमोर धरला.
त्यांनी वाचला, मन लावून, बोटाने वर सरकवत.
बरोबर आहे तुमचं, म्हणाले.
मग चहा सांगितला, आणि फायलीला नाडी बांधता बांधता
सहज विचारलं :
पुढच्या गटाराच्या कामाचं टेंडर भरणार ना तुम्ही?
चहा गोड होता.
मोबाइल मी खिशात ठेवला.

परवा पत्र आलं. जावक क्रमांकासह, वर "तात्काळ".
मोरीच्या डाव्या भिंतीस तडा आढळून आला आहे,
दोषदायित्व कालावधी चालू आहे,
सात दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करावी.
म्हणजे जळगावहून अमळनेरला कागद
दोन दिवसांत येऊ शकतो.
हे मला चौदा महिने माहीत नव्हतं.

दगाला सांगायला गेलो तर त्याने काही विचारलं नाही.
थापी घेतली, घमेलं घेतलं,
गाडीवर मागे बसला.
नाल्यात गुडघाभर गढूळ पाणी,
तिन्ही नळ्या नीट वाहत होत्या.
तडा बोटभर, खालून वर गेलेला.
दगा त्यावर हात फिरवत म्हणाला,
माती बसनी, आपला दोष नही.
तरी त्याने तो खरवडला, धुतला, भरला.

वरून केळीचा ट्रक गेला.
ड्रायव्हरने वेग कमी केला, हात वर केला.
सायकलवरची एक पोरगी थांबून बघत होती
दोन म्हातारे भिंतीला काय करताहेत ते.

मग मी टेप काढला.
का, ते सांगता येत नाही, हाताची सवय.
एक टोक दगाने धरलं.
चाळीस सेंटीमीटर.
मी मोठ्याने म्हणालो,
आणि लिहून घ्यायला
कुणीच नव्हतं.