सातव्या तळाचा काठ

दुपारी एक ते चार डोर्लीकर सरांचा क्लास बंद असे.
बर्डीवर डांबर मऊ.
आम्ही फरशी पुसायची, कूलरमध्ये बादल्या ओतायच्या,
बदल्यात तीन तास
कोपऱ्यातल्या नारिंगी पडद्यामागचं भुयार आमचं.

पाऊल म्हणजे एक चौकोन.
टक.
वळण म्हणजे काटकोन, अधलंमधलं काही नाही.
भिंत, भिंत, भिंत,
मग अचानक काळोख, म्हणजे वाट.
आमचे चौघे कधी दिसलेच नाहीत,
खाली नुसती नावं, नि नावांपुढे उरलेला जीव.
मांत्रिकाला हेमराजने बहिणीचं नाव दिलं होतं,
वनमाला. जीव सहा.
ती मेली की तो घरी जाईपर्यंत बोलत नसे.

नकाशा खेळात नव्हता. आपला आपण काढायचा.
बटणं मी दाबायचो,
हेमराज मांडीवर आलेखवही घेऊन:
"दोन उत्तर. एक पूर्व. थांब बे, खड्डा हाये तिथं."
वही त्याच्या बापाची.
चिंधूजी निखारे, तांडापेठ,
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
कमरेपर्यंत जमिनीत बसलेला माणूस.
पुढून त्यांच्या साड्यांचे काठ,
मागून आमचे तळ. पहिला, दुसरा, सहावा.

सातव्यात अडकलो.
अख्खा मे गेला.
एकेका भिंतीवर डोकं आपटून पाहिलं,
मशाली संपल्या, शिधा संपला,
वनमाला अकरा वेळा मेली.

एकदा चिंधूजींनी वही उलटीकडून उघडली.
चष्मा कपाळावर. बराच वेळ.
"हा कोन्या साडीचा काठ होय रे?"
आम्ही हसलो. सांगितलं त्यांना, राक्षस, किल्ली, खजिना.
ऐकलं असेल, नसेल.
बोटाने वाट धरून चालत गेले
आणि आम्ही हमखास मरायचो तिथे थांबले.
"इथं एक घर चुकलं. काठ असा बंद नाई होत.
पुढच्या नक्षीत जावा लागते त्याले."
आणि रबराने
एक भिंत पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सायकली फेकून धावलो.
तीच भिंत. टक.
पुन्हा. टक.
भिंत भिंतच होती.
मग लाईन गेली.
नारिंगी ठिपका आकसत आकसत विझला.
कूलर थांबल्यावर कळलं
केवढा आवाज होता त्याचा.
काही साठवून ठेवलेलं नव्हतं.

माग पुढे सरपणात गेला.
हेमराज सुरतेला, कापडाच्या गाळ्यात हिशेब लिहितो,
दिवाळीला मेसेज येतो, तोच सगळ्यांना धाडलेला.

परवा मानेवाड्याला लग्न होतं.
पंगतीत वाढणाऱ्या एका बाईचं जुनं टसर,
घड्यांवर विरलेलं, आईचं असेल किंवा सासूचं.
काठावर काटकोन.
मी पोळीसाठी मान वर केली ती तशीच राहिली.
दोन उत्तर. एक पूर्व. इथे खड्डा.
ती वाकली, उठली, शेजारच्या पानाकडे सरकली,
मी वाटेत जपून पाय टाकत राहिलो.
"भाऊ, वांग्याची भाजी?"
हो म्हणालो असेन, पानात दिसली नंतर.

भिंतीपाशी आलो.
भिंत नव्हती.
पलीकडे सातवाच तळ पुन्हा सुरू होत होता,
आणि त्याच्यापुढे पुन्हा सातवा,
पदरापर्यंत.