रकाना: इतर

बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी.
नोंदणीच्या नूतनीकरणाला क्रेडिटचे तास कमी पडतात,
म्हणून रात्रपाळी उतरवून, सात रस्त्याला रिक्षा बदलून
थेट कौशल्य प्रयोगशाळेत,
केसांत फिनेलचा वास तसाच.

टेबलावर बाहुली निजलेली. रबरी, उघड्या डोळ्यांची.
छाती खालीवर होते, मनगटात नाडी आहे,
आणि नाडीचा रिमोट मुजम्मिल नदाफच्या हातात.
हाच मुजम्मिल अकरा वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात
पहिलं इंजेक्शन देताना
पेशंटआधी स्वतःच घामाघूम झाला होता.
आता एम.एस्सी. झालाय. सर आहे.
म्हणतो, ‘सिस्टर, दाब कमी पडतोय,
पाच सेंटिमीटर तरी खाली जाऊ द्या.’
बरोबर म्हणतो.
माझे गुडघे वाजतात. मी मोजते,
आई विड्या मोजायची तसं, ओठ न हलवता;
तिचा कट्टा पंचविसाला बांधायचा,
माझा तीसला, मग दोन श्वास.

बाहुली दोनदा मेली.
दोन्ही वेळा मुजम्मिलनं बटण दाबलं
आणि ती पहिल्यापासून जगू लागली.
दाराबाहेर चपला हातात धरून
तिचा कुणी मुलगा उभा नव्हता.

मला हसू यायला हवं होतं. हेवा वाटला.
चौऱ्याण्णव साली आम्हाला बाहुली नव्हती,
आम्ही माणसांवर शिकलो.
त्यातलं एक नाव अजून माझ्याजवळ आहे.
ते मी कुठल्याच फॉर्मवर लिहिणार नाही.

दारावरची पाटी मागच्या वर्षी बदलली:
अधिपरिचारिकेच्या जागी नर्सिंग ऑफिसर.
आईनं विचारलं, ‘मग पगार वाढला काय की?’
वॉर्ड अजून ‘ओ सिस्टर’ म्हणूनच हाक मारतो
आणि मीही ओ देते.

काल रात्री चौदा नंबरला नरसव्वा गड्डम.
चाळीस वर्षं मागावर, आता पोटात गाठ.
टॅबवर वेदनेचा रकाना लाल झालेला,
शून्य ते दहा, आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी विचारलं, ‘अव्वा, दहापैकी किती?’
‘लई दुखूलालंय.’
‘किती पण? आकड्यात?’
ती छताकडे बघत राहिली. मग तेलुगूत म्हणाली,
ताणा लागलेला असतो, मधलाच एक धागा तुटतो,
कुठला ते दिसत नाही,
आणि माग थांबवता येत नाही. तेवढं.

शेजारी औषधांच्या ट्रॉलीवर वही ठेवून
आमची नवी पोर, शिवलीला म्हेत्रे, जर्मन पाठ करत होती.
पुढच्या मार्चला जायचंय तिला,
व्हिसाच्या फायलीला आईचं मंगळसूत्र लागलंय.
‘श्मेर्त्स,’ ती पुटपुटली, ‘श्मेर्त्स म्हणजे वेदना.’
मी म्हटलं, इथं नोप्पी म्हण. कन्नडवाल्या आजीला नोवु.
तिनं तेही वहीत लिहून घेतलं, त्याच ओळीत.
थांब म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं.
बत्तीस खाटांना आम्ही दोघी,
ती गेली की एक.
पण मी तिचा उच्चार दुरुस्त करत बसले,
मला येत नसलेल्या भाषेतला.

आकडा आठ टाकला. डॉक्टरांना उठवलं,
मॉर्फिन लिहून घेतलं, वेळ नोंदवली, दोन सह्या.
नंतर सगळ्यात खाली ‘इतर’ नावाचा रकाना,
जिथं कुणी काही लिहीत नाही,
तिथं टाइप केलं: धागा तुटलाय, माग चालू आहे.
अक्षरं पुरली.

आज फॉर्मवर प्रश्न आहे:
या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात?
मी लिहिलं, पाच सेंटिमीटर.
मुजम्मिलनं वाचलं, शिक्का मारला, सहा तास दिले.
मग सर असल्याचं विसरून खाली वाकला आणि
बाहुलीच्या पायाशी निसटलेली माझी चप्पल
सरळ करून ठेवली.

बाहेर ऊन चव्वेचाळीस.
घरी आज पाणी यायचा दिवस, पाचवा.
तीनला परत ड्युटी आहे,
आणि चौदा नंबरची रात्र कशी गेली
ते मला टॅब सांगेलच, आकड्यात.
मी आधी तिच्याकडेच जाईन.