चार तिकिटांची फट

निफाडला पारा पाचावर उतरला त्या रात्री
स्कूटर मेली.
सकाळी मोजून सत्तावीस किका,
मग आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी.
जेलरोडच्या अख्ख्या बिल्डिंगला कळलं.
तिसऱ्या मजल्यावरून गांगुर्डे म्हणाले,
काका, भंगारात तीन हजार सहज येतील.
त्यांची विजेवरची गाडी
कोपऱ्यात वायर तोंडात धरून
निमूट चरत होती.

गफूरभाई असते तर त्यांनी प्लग काढून हुंगला असता
आणि म्हणाले असते, पॉइंट गेला.
पण गफूरभाई मालेगावला, लेकीकडे.
भद्रकालीतल्या त्यांच्या गाळ्यात
आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
म्हणून मीच हुंगला.
ओला. काळा. पेट्रोलचा वास.
पॉइंट गेला, असं मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

द्वारकेच्या बोहऱ्याने शिडीवर चढून
मेणकागदातली शेवटची जोडी काढली,
पॉइंट आणि कंडेन्सर,
आणि फुंकर मारली ती थेट माझ्या चष्म्यावर.
बसवणार कोण?
मी.
नोटा मोजता मोजता त्याने एकदा वर पाहिलं.

पार्किंगमध्ये पोतं अंथरलं, कॉक बंद केला,
गाडी डाव्या अंगावर निजवली.
पंख्याचं झाकण, चार स्क्रू,
त्यातला एक पहिल्यापासून रुसका.
मग मॅग्नेटचा नट:
हा सुटतो, आणि सुटता सुटता परत घट्ट लागतो.
आटे गेले म्हणून माझ्या पोटात गोळा.
पण त्या दुसऱ्या घट्टपणानेच तो
अख्खं चाक ओढून बाहेर काढतो.
गफूरभाई हे कधी बोलले नव्हते.
त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल.

जुने पॉइंट देवीच्या वणासारखे खड्ड्यांचे.
ठिणगी पडत होती इतके दिवस,
पण आतल्या आत, भलत्याच जागी.
प्रमिला पायरीवर पेरू खात बसलेली.
म्हणाली, एवढं काय बघताय?
काही नाही, म्हटलं, आणि झाळण्याची कैची तापवली.

फिलर गेज नव्हता.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तिकिटं तपासली; जाडी बोटांना कळते.
पोस्टातून पाच-पाचची चार आणली,
पावती मागून घेतली
(गेटवर रोज झडती दिलेल्या माणसाची खोड),
एकावर एक ठेवली, फटीत सरकवली.
सैल नको. अडकायलाही नको.
जरा कुरकुरत यावीत.

आणि मग हाफमून हरवली.
नखाएवढी चावी, पण ती नसेल तर टायमिंग खोटं.
पोतं झटकलं, चपला उलट्या केल्या,
गटाराच्या जाळीपाशी ओणवा झालो.
गांगुर्ड्यांची ईश्वरी, इयत्ता पाचवी,
टॉर्च धरून मागे मागे. शेवटी म्हणाली,
आजोबा, चाकात चुंबक असतं ना?
होतं.
आणि त्याला चिकटून बसली होती, शहाणी.

प्लग इंजिनाच्या डोक्यावर टेकवला.
प्रमिला, दिवा घालव जरा.
किक.
निळी.
पुन्हा, ईश्वरी म्हणाली.
मी सात वेळा मारली,
गरज एकदाचीच होती.

सगळं बंद केलं, गाडी उभी केली,
किक. किक. दहा. बारा.
गॅलरीत गांगुर्ड्यांनी तोंड उघडलं.
प्रमिला दातातली पेरूची बी काढत म्हणाली,
कॉक?

धूर अख्ख्या पार्किंगभर. गांगुर्डे खोकले.

तिकिटं पाकिटाला लावली. मालेगाव.
आत एकच ओळ: पॉइंट बदलला, घरीच.
वरच्या तिकिटावर
पॉइंटचा काळा, गोल ठसा,
जणू एकदा वापरून झालेलं.
पोस्टात कोणी हटकलं नाही.
माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी बाद केलं असतं.