काजबटण

दहीपुलाजवळ निकुंभांच्या दुकानात
माझ्याकडे काजबटणाचं काम.
पुरुषाचा शर्ट असला तर बटणं उजव्या अंगाला,
बाईचा असला तर डाव्या.
का, ते निकुंभांनाही ठाऊक नाही.
"पहिल्यापासून तसंच," म्हणतात, आणि खडू शोधतात,
जो त्यांच्याच कानावर असतो.

सुई ती. दोरा तो.
काज मात्र ते. बटणही ते.

शाळेत खैरनार बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले,
तिसऱ्याचं नाव ऐकताच मागचा बाक खिदळला.
बाई म्हणाल्या, हसू नका, पाणी त्यातच आहे,
लेकरू, पाखरू, आभाळ,
आणि आपलं नाशिकसुद्धा.
त्या दुपारी वहीत मी तिसरा रकाना
समासापर्यंत वाढवला.
तो कोणी तपासला नाही.

तेव्हापासून बोलण्यात हा वळसा:
भूक लागलीय. झोप येतेय.
मी चहा घेतला, मी भाकरी खाल्ली.
घेतला चहाच्या मागे जातं, खाल्ली भाकरीच्या,
माझ्याकडे वळून कोणी बघत नाही.
जाण्या-येण्याची तेवढी पंचाईत.
कोणी विचारलं तर "सीबीएसवरून", एवढंच,
क्रियापद तोंडातल्या तोंडात, बडीशेपेसारखं.
घरचे ज्या अक्षराने हाक मारतात
ते इथे लिहिणार नाही.

एकदा रात्री गंगेवर, आसपास कोणी नाही बघून,
मोठ्याने म्हणून पाहिलं,
"मी आलं."
चहात ठेचून टाकायचं आलं आठवलं
आणि एवढं हसू फुटलं की
पायरीवरचं कुत्रं उठून पलीकडे गेलं.
तेही ते.

समोर दुतोंड्या मारुती.
एक तोंड इकडे, एक तिकडे,
यातलं खरं कुठलं, असं त्याला कोणी विचारत नाही.
विचारतात फक्त, पाणी कुठवर आलं?
गुडघ्याला. कमरेला. छातीला.
धरणातून सोडलं की अख्खं गाव
त्याच्या अंगावर पूर मोजतं.
माझ्या तेराव्या वर्षी पाणी थेट गळ्याशी होतं.
बघायला पुलावर कोणी जमलं नाही.
मी आरशाचं तोंड भिंतीकडे केलं,
आईला वाटलं, पारा उडाला.

देवळातलं उदाहरण देऊन समजूत घालणारेही भेटतात.
अर्धं हे, अर्धं ते, म्हणतात.
माझ्यात अर्धं काही नाही.
मला कापड पुरतं लागतं,
सव्वादोन मीटर.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर निकुंभांनी
निळसर सुती तुकडा ठेवला गल्ल्यावर.
"हे तुझं. वर्षाचं."
टेप खांद्यावरून फिरली, छातीवरून, मनगटावरून,
वहीत त्यांनी नुसते आकडे लिहिले,
वर नाव नाही.
मग कात्री उचलून,
"बटणं कुठल्या अंगाला?"

बाहेर हातगाडीवाला कोणाशी तरी भांडत होता.
मी त्याचं भांडण शेवटपर्यंत ऐकलं.
कात्री खाली ठेवत निकुंभ म्हणाले, "उद्या सांग."
"सांगेन."

सांगेन. येईन. बसेन. शिवेन.
बघा, ही क्रियापदं माझी झडती घेत नाहीत.
उद्याच्या फळ्यावर
बाईंनी रकाने आखलेले नाहीत.

याला तीन आठवडे झाले.
कापड खुंटीवरच आहे,
पाठ शिवलेली, बाह्या लावलेल्या,
पुढचा भाग अजून अखंड.
परवा एका गिऱ्हाइकाने हात लावून विचारलं, हे कोणाचं?
निकुंभांनी मशीन थांबवलं नाही.
"आपल्यातलंच आहे," म्हणाले.

माझ्या हातात एक काज होतं.
कड उसवू नये म्हणून
टाके जवळ जवळ घ्यावे लागतात.