झाड, तात्पुरतं

मे महिन्यात दुपारी एक ते चार
नागपुरात कुणी नसतं असं तुम्हाला वाटतं.
पेपरात फोटो येतो: ओसाड व्हरायटी चौक, पारा सत्तेचाळीस.
फोटो काढणाऱ्याने खाली बघितलेलं नसतं.

मी कूलरच्या ताट्या बदलतो.
सायकलला वाळ्याचा भारा, डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
त्या वेळेला रस्त्यावर असतो
म्हणून त्या दुसऱ्या शहराच्या वहीत माझं नाव आहे.

ते शहर सकाळी पश्चिमेला पाय पसरतं,
महालातून निघून गांधीसागरात अर्धं भिजतं.
दुपारी बुटकं होतं, गप्प,
सांजेला उठून पार कळमन्याकडे सुटतं.
सीताबर्डीचा किल्ला तेव्हा रेल्वेच्या रुळांवर आडवा होतो,
मालगाड्या कचेरीतून धडधडत जातात,
कागद एकही उडत नाही.

तिथं घराला नंबर नसतो, वेळ असते.
"सव्वातीन, डाव्या अंगाचा निंब, शेंड्यापाशी."
सव्वातीनचं घर चारला शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडतं,
भांडणं त्यामुळे टिकत नाहीत.
घरपट्टी एकच:
नवं कुणी आलं की चार बोटं सरकायचं.
कुत्रं आलं तरी.

वही निखारे बाबूंकडे.
तुम्ही कुणाची सावली, विचारलं तर म्हणतात,
"विणकर होता बावा, गोळीबार चौकातला.
तो गेला मागावरून. मी राहून गेलो."

मार्चात हनुमाननगरचा रस्ता रुंदावला.
करवत दोन तास चालली, भुसा आठवडाभर उडत राहिला.
त्या निंबाखाली सतरा कुटुंबं नांदत होती:
पानवाल्या सुगंधा वासेकरची सावली,
तिच्या खोक्याची,
दोन रिक्षे, एक खाट,
शाळा सुटलेल्या पोट्ट्यांचा रोजचा अर्धा तास,
अन् एक म्हातारा, जो फक्त टेकायचा.

बाबूंनी त्यांना विजेच्या खांबात जागा दिली.
लांबी भरपूर. रुंदी एक वीत.
रेशनच्या रांगेसारखे संसार, एकामागे एक.
अर्ज केला, उत्तर आलं:
राहणे मंजूर, पसरणे नामंजूर.

मग तो दिवस आला, मेच्या शेवटच्या आठवड्यातला,
बारा वाजून दहा मिनिटं,
जेव्हा सूर्य बरोबर टाळूवर येतो
अन् उभ्या वस्तूची सावली संपते.
झिरो माइलच्या दगडी खांबाशी शाळेची पोरं टाळ्या पिटतात,
मास्तर घड्याळ बघतात.
इकडे वस्ती बुडत असते.

झाडांचं बरं असतं, ती आपली सावली पोटाशी घेतात.
खांबाला पोट नाही.

मी तिथं ठरवून गेलो नव्हतो.
मानेवाड्याला एक ताटी पोचवायची होती, भिजवलेली.
बघतो तर ती वीतभर पट्टी
खांबाच्या बुडाशी आखडत चाललेली,
शेवटी म्हातारा, उभाच.
सुगंधाची सावली म्हणाली, आवाजाशिवाय,
"काहून बघून राहिला? धर ना ते डोक्यावर!"

धरली. आडवी. तीन फूट बाय चार.
सतराच्या सतरा कुटुंबं आत आली.
कशी, ते विचारू नका. सरकली असतील.
वाळ्याचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं
अन् डांबरावर थेंब पडायच्या आत वाळत होता.
स्कूटी थांबवून एक बाई म्हणाली, "काका, चक्कर आली का?"
म्हटलं, नाही, दोनच मिनिटं धरायचं आहे.
तिनं पाण्याची बाटली ठेवली आणि गेली.

निखारे बाबूंनी वही उघडली.
माझ्या नावापुढं धंद्याचा रकाना कोरा होता,
त्यात त्यांनी लिहिलं: झाड, तात्पुरतं.

मानेवाड्याच्या गिऱ्हाइकानं
ताटी कोरडी आणली म्हणून
वीस रुपये कापले.