दार दक्षिणेला

निळ्या पत्र्याच्या पाट्या,
पांढऱ्या रंगाचा डबा, दोन ब्रश,
खिशात उलानबातरचा गेल्या महिन्याचा नकाशा.
टेकडी चढेपर्यंत तो शिळा होतो.
त्यात कुंपणं नऊ.
मी मोजली एकवीस,
आणि बाविसाव्याचे खांब
एक बाई आणि तिचा पोरगा रोवत होते
गोठलेल्या जमिनीत,
आधी टायर जाळून, माती मऊ करून.

गल्लीला नाव, घराला आकडा,
माझं काम एवढंच.
डावीकडे विषम, उजवीकडे सम.
पण इथे गल्लीकडे तोंड करून कुणी राहतच नाही.
गल्ली उताराने वळो, ओढ्याने वळो,
सगळ्या तंबूंची दारं दक्षिणेला,
माळावर होती तशीच.
मी कुठल्या बाजूने मोजू?

खाली शहर. मी तिथला.
आमच्या अंगणात बुद्धिबळाचं दगडी टेबल होतं.
म्हातारा बाल्जिन्याम कुणालाही हरवायचा
आणि हरलेल्याच्या मुठीत
सूर्यफुलाच्या बिया कोंबायचा.
आता तिथे गाड्या लागतात.
टेबल कुणी हलवलं ते कळलं नाही,
विचारावं असं ओळखीचं कुणी उरलं नाही.
खिडकीतला डोंगर एका बँकेने झाकला.
पण बँकेला कुणी बोलत नाही.
बायको म्हणते, हे वरचे आले
आणि शहराला डाग लागला.
त्यांच्या चुलींचा धूर,
बसमध्ये मेंढरांचा वास.
मी मान हलवतो.
हिवाळ्यात आरियुनझुल रात्रभर खोकते तेव्हा
मीही तेच म्हणतो,
जरा मोठ्याने.

बाविसाव्या कुंपणातल्या बाईचं नाव नोरोवल्हाम.
आत बोलावलं. खारट चहा, दूध घातलेला.
"सहाशे होती," म्हणाली.
काय, ते सांगितलं नाही.
"बर्फ उठल्यावर मोजली तर एकतीस.
तीही विकली."
चूल फुरफुरत होती. मी बराच वेळ बसलो.

पाटीवर बावीस रंगवलं.
पोरगा म्हणाला, शेजारी आमचा डाग काढा ना.
कसला डाग?
घोड्यांना द्यायचो तो.
काठीने बर्फावर काढून दाखवला:
चंद्रकोर, खाली आडवी रेघ.
घोडे कुठे आहेत, मी विचारलं नाही.

पाटीवर आकड्याखेरीज काही नको,
असा नियम आहे, मी स्वतः त्यावर सही केली आहे.
माझे वडीलही आले होते कुठून तरी,
लोकरीच्या गिरणीच्या बांधकामावर, एका बोचक्यानिशी.
त्यांचाही असेल एखादा डाग.
त्यांनी कधी काढून दाखवला नाही,
आणि मला कधी सुचलं नाही.

बारीक ब्रश होता. दोन मिनिटांचं काम.

आठवड्यात गल्लीतले चौदा जण
आपापल्या पाट्या काढून घेऊन आले:
आमची अर्धवट आहे.
साहेबांनी बोलावलं. ही चित्रं कसली?
रंग ओघळला, म्हणालो.
पंधरा पाट्यांवर?
वर वारा फार असतो.

संध्याकाळची बस. गर्दी.
शेजारी कुणाला तरी मेंढरांचा वास येत होता,
मी तोंड फिरवलं, दोन थांबे तसाच उभा राहिलो.
मग कळलं, कोट माझाच.

बायकोने दार उघडलं. काही बोलली नाही.
खिडकी उघडायला गेली,
पण बाहेर धूर होता.