तीन टक्के

एमरल्ड रस्त्यावर
दोन शहरं एकमेकांना टेकून उभी आहेत.
बर्फ दोघांवर सारखाच पडतो,
पण बर्फ लोटणारी गाडी
हद्द आली की वळते.
पुढचं त्यांचं ते बघतील.

मी नेंग लोर. बॉयलर दुरुस्त करतो.
घरं मला दारातून नाही, तळघरातून कळतात.
पूर्वेला सेंट पॉल, पश्चिमेला मिनिआपोलिस.
पाना दोन्हीकडे एकच लागतो.

पूर्वेला आर्लिसबाईंचं भाडं
वर्षाला शंभरामागे तीन डॉलर चढतं,
आणि धापा टाकत थांबतं.
तशी मतं पडली होती. एक त्यांचंही,
नोव्हेंबरात, वॉकर ढकलत जाऊन दिलेलं.
त्यांचा घरमालक भला माणूस,
भला म्हणजे फोन उचलतो.
"तीन टक्क्यांत किती गॅस्केटं बसतात, तूच सांग."
मी हिशेब करून सांगितलं: एकोणीस.
तो हसला.
बसवलं एकही नाही.
आर्लिसबाई स्वयंपाकघरात कोट घालून बसतात,
नळाखाली पातेलं,
पातेल्यात रात्रभर टप, टप,
स्वस्त राहण्याचा आवाज.

चारशे पावलं पश्चिमेला इदिल,
दोन मुलं, रुग्णालयातली रात्रपाळी.
तिच्या इमारतीत सगळं झळझळीत.
नवा बॉयलर मीच बसवला,
मांजरासारखा घुरघुरतो.
त्याच आठवड्यात तिच्या दाराखालून पत्र सरकलं:
बाराशेचे चौदाशे ऐंशी.
इकडे चढायला कुणी पायरी मोजून दिलेली नाही.

"हा तू बसवलास?" तिने विचारलं.
हो म्हणालो.
चहा दिला तिने, वेलदोड्याचा, नेहमीसारखा.
साखर किती, ते मात्र विचारलं नाही.

"पलीकडे एखादी खोली?"
खोल्या आहेत, इदिल,
पण कुणी सोडत नाही.
जो आत आहे तो आत.
आर्लिसबाई म्हणतात,
"मी गेले की नियम सैल होतो.
म्हणून तर मी जात नाही."

जुना बॉयलर भंगारात देताना
मी त्याचा पितळी व्हॉल्व्ह काढून ठेवला होता.
शनिवारी तो आर्लिसबाईंच्या तळघरात बसवला,
पैसे न घेता, मालकाला न सांगता.
त्यावर कुठल्याच शहराचं नाव नव्हतं.
नळ्या खोकल्या, ठणठणल्या, मग गरम झाल्या.
बाईंनी रेडिएटरवर तळवा टेकवला.
"पलीकडचा आहे ना?"
"कसं ओळखलंत?"
"महाग लागतोय हाताला."

मग कोट काढला त्यांनी. पहिल्यांदाच पाहिलं,
आत किती बारीक झाल्यात.

महिन्याच्या अखेरीला इदिलने मला तळघरात गाठलं.
कागद हातात होता. नव्या वर्षाचा करार.
मुलांची शाळा इथे, बस इथे,
आणि पलीकडे कुणी मेलेलं नाही.
"पेन आहे का?"

पेन ट्रकमध्ये होतं, उणे एकवीसमध्ये.
आणलं, तर शाई उतरेना.
तिने दोनदा कागदावर ओरखडे काढले,
पांढरे, सहीच्या आकाराचे.

मग मी ते माझ्याच बॉयलरवर धरलं,
बोटांत फिरवत,
शाई सुटेपर्यंत.